धाकटीची उजवी बाही

९ फेब्रुवारी

धाकटे,

त्या सकाळी मी आधी दुकानातला केर काढला. पायडलमध्ये गुंतलेले दोरे ब्लेडनं कापले, मशीनला तेल दिलं, चहाचं आधण ठेवलं आणि दोरीवरचे मोजे घेऊन त्यांच्यापुढे जमिनीवर बसले. वाकलं की त्यांना दम लागायचा, म्हणून मोजे मीच घालायचे. आदल्या दिवशीचे काढले तर घोट्याच्या चार बोटं वर रबराचा वळ, इतका खोल की त्यात सुतळी बसली असती.

"मोजे आटलेत," मी म्हटलं.

"मोजे कशाला आटतील? मीच वाढलोय," ते म्हणाले. "या वयात वाढणारा माणूस बघितलायस का कुठे?"

दोघंही हसलो. मग मी चहा गाळला, तू आलीस, टेबलावर कापड पसरून कापायला उभी राहिलीस आणि दिवस नेहमीसारखा सुरू झाला. बावीस वर्षं लोकांची मापं घेतलेल्या मला माझ्याच नवऱ्याचा पाय वाढलेला कळला नाही. मी मोज्यांना दोष दिला.

तू माझी धाकटी जाऊ, आणि आपलं बोलणं बंद होऊन आता सव्वा वर्ष झालं. माझा फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. पण पत्र हातात पडलं की फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच, म्हणून लिहायला बसले.

परवा भावजींचा फोन आला होता. तुला न सांगता केला, तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. तुझा नवरा आहे तसा तो माझा दीरही आहे. म्हणाले, "वहिनी, हिच्या छातीतली गाठ काढली, डॉक्टर म्हणतात धोका टळला. पण काखेतल्या गाठीही काढल्या आणि तेव्हापासून उजवा हात फुगत चाललाय. सगळ्या कपड्यांची उजवी बाही काखेपर्यंत उसवून घालते. वर शाल. भर उन्हात शाल!"

"कात्री?" मी विचारलं.

"कात्री कुठली, वहिनी. चमचा डाव्या हातात धरते."

त्यानंतर ते काय बोलले ते मला आठवत नाही. आपल्या दुकानात तू कापायचीस आणि मी शिवायचे. गिऱ्हाईक पाटी वाचून यायचं, पण परत यायचं ते तुझ्या कापण्यामुळे, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुला कधी सांगितलं नाही एवढंच.

तुझ्या त्या हाताचं मला काही कळतं, असं मी म्हटलं तर हसशील. हस. पण ते गेल्यापासून मी एकच विषय वाचतेय. दवाखान्यात सगळे नुसतं "पाणी साचतंय, पाणी साचतंय" म्हणायचे. कुठलं पाणी, कुठून आलं, जातं कुठे, हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचते. एका पानाला दोन दिवस लागतात. लागू देत, मला कुठे गाडी पकडायचीय.

मला तुझ्या हाताची मापं पाठव. मनगटापासून काखेपर्यंत, चार-चार बोटांवर एक. डाव्या हाताचीही घे, म्हणजे फरक कळेल. सोबत नवी टेप ठेवली आहे.

त्या दिवशी माझ्या दारात जे झालं त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. ते राहू दे.

— थोरली


२६ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर नाही, भावजींचं आलं. पाकिटात कागद, कागदावर आठ आकडे, आणि खाली, "ही दुपारी झोपली होती तेव्हा घेतली. एकदा कूस बदलली, म्हणून पाचवं माप अंदाजे." त्या माणसाला स्वतःच्या पँटची कंबर माहीत नाही, आणि माझ्यासाठी तो चोरासारखा बायकोचा हात मोजत बसला. मी आकडे दोनदा वाचले. डावा हात कोपराखाली साडेनऊ इंच आणि उजवा सव्वाबारा. धाकटे, हे एका माणसाचे दोन हात आहेत?

मला काय समजलं ते आपल्या भाषेत लिहिते, म्हणजे मी चुकले तर तुलाही कळेल.

रक्त नळीतून वाहतं असं आपल्याला वाटतं. पण शेवटी शेवटी त्या नळ्या केसाहून बारीक होतात, आणि त्यांची भिंत पत्र्यासारखी बंद नसते. विणलेल्या कापडासारखी असते. मागून हृदय ढकलतं, त्या दाबानं रक्तातलं पाणी विणीतून बाहेर झिरपतं आणि मांसातल्या पेशींना न्हाऊ घालतं. रक्तातली प्रथिनं मोठी असतात, ती बहुतेक आतच राहतात आणि पाण्याला आत ओढून धरतात. म्हणजे एकीकडून ढकलणं आणि दुसरीकडून ओढणं. चोवीस तास, बोटाच्या टोकापर्यंत. दिवसाला सात-आठ लिटर पाणी असं बाहेर येतं. रक्तातला सगळा पातळ भाग दिवसातून दोन-तीनदा बाहेर जाऊन परत येतो म्हण ना. आपण त्या वेळी काजं करत बसलेलो असतो.

आता गंमत ऐक. माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत. एक जुनं, रद्दीवाल्याकडून आणलेलं, कुणा विद्यार्थ्यानं पानोपानी रेघा ओढलेलं. त्यात लिहिलंय की नळीच्या सुरुवातीला पाणी बाहेर पडतं आणि शेवटाला जवळजवळ सगळं त्याच नळीत परत शिरतं. थोडंसं उरतं ते लसिकावाहिन्या उचलून नेतात. या लसिकावाहिन्या म्हणजे दुसऱ्याच बारीक नळ्या, त्यांचा रस्ता काखेतल्या आणि जांघेतल्या गाठींतून जातो. दुसरं पुस्तक नवं. त्यात लिहिलंय की असं होत नाही. बहुतेक ठिकाणी पाणी त्याच नळीत परत फारसं शिरतच नाही. त्या केसाएवढ्या नळीला आतून एक मऊ अस्तर असतं (अस्तर, धाकटे! कोटाला असतं तसं), त्या अस्तराचा हिशेब जुन्या लोकांनी धरलाच नव्हता. बाहेर पडलेलं पाणी परत नेण्याचं खरं काम लसिकेचं.

मी दोन्ही पुस्तकं घेऊन ग्रंथालयात गेले. तिथले चष्मेवाले म्हणाले, "आजी, दोन्ही पुस्तकांचं पटत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन आलात?"

"तक्रार नाही," मी म्हटलं, "निकाल द्यायला आले."

कारण निकाल माझ्याकडे होता. जुनं पुस्तक बरोबर असतं, सगळं पाणी आल्या वाटेनं परत गेलं असतं, तर काखेतल्या चार गाठी काढून तुझा हात असा का सुजावा? थोडंसं उरणारं पाणी हाताला तीन इंच वाढवेल का? नवं पुस्तक बरोबर आहे. त्याचा पुरावा तुझ्या खांद्याला लटकलाय. मी हे मोठ्यानं बोलले. वाचणाऱ्यांनी वळून बघितलं. चष्मेवाले म्हणाले, "आजी, हळू. पण बरोबर वाटतंय."

ते गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी रस्त्यानं ताठ चालत आले.

बाहेरून दाब दिला तर नळीतून कमी पाणी झिरपेल आणि आत साचलेलं वर सरकेल. म्हणून बाही शिवली आहे, ताणणाऱ्या जाड कापडाची. दुकानातल्या तयार बाह्या तीन मापांत येतात. तुझ्या हाताला, मनगट बारीक आणि मध्येच घडा, त्या बसणार नाहीत. ही बसेल. घसरू नये म्हणून दंडाशी चांगलं रुंद रबर घातलंय आणि मनगटाशी जरा ढील ठेवलीय, तुला काम करताना आवळू नये. शिवण बाहेरून आहे, रुतणार नाही.

घाल. माझी म्हणून नको घालूस, कापड चांगलं आहे म्हणून घाल.

— थोरली


१४ मार्च

धाकटे,

बाही परत आली. सोबत तुझी चिठ्ठी, डाव्या हातानं लिहिलेली, अक्षरं कलंडलेली: "दोन दिवसांत बोटं फुगली. अंगठी कापून काढावी लागली. तुझा माणूस मी मारला म्हणालीस ना? आता माझा हात तू मार म्हणजे फिटलं."

सव्वा वर्षात तुझ्याकडून आलेली ही पहिली अक्षरं. मी ती चारदा वाचली. मग बाही उलटी केली आणि दंडाच्या रबराकडे बघितलं, आणि मला मोज्याचा वळ दिसला.

मी शिंपीणबाई म्हणून शिवली गं ती. बाही घसरू नये म्हणून वर आवळायची आणि मनगट मोकळं ठेवायचं, हे हातांना इतकं पाठ आहे की डोक्याला विचारावं लागत नाही. तुझ्या हाताला नेमकं उलटं हवं होतं. मनगटाशी सर्वांत घट्ट, आणि वर जाता जाता थोडी थोडी सैल, म्हणजे पाणी खालून वर चढेल. मी वरच दोरी बांधली. पाणी जायचं कुठे? बोटांत आलं. दोन पुस्तकं वाचून निकाल देणारी मी, आणि मोज्याच्या रबरानं काय होतं ते रोज सकाळी बघितलेली मी.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले, त्याच. ते गेल्यानंतर त्या पायऱ्या चढले नव्हते. तिथे एक बाई फक्त सुजलेल्या हातापायांना पट्ट्या बांधायचं काम करतात. मी त्यांना पट्टीबाई म्हणते. त्यांनी बाही हातात घेतली, ताणून बघितली आणि म्हणाल्या, "शिवण सुंदर आहे. आणि ही बाही घालून हात जाईल."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आता कशी शिवू ते सांगा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बघितल्याशिवाय आणि बांधल्याशिवाय बाही द्यायची नसते. आधी रोज थरांच्या पट्ट्या बांधून हात उतरवायचा, मग जेवढा उतरला तेवढ्याला बाही. तुमच्या जाऊबाई आहेत तिथल्या दवाखान्यात माझ्याबरोबर शिकलेली बाई आहे. चिठ्ठी देते." ती चिठ्ठी सोबत आहे. हात लाल झाला, तापला किंवा ताप आला तर बाही, पट्टी काही न घालता लगेच डॉक्टरांकडे जायचं, हे त्यांनी तीनदा सांगितलं, म्हणून मीही ठळक लिहितेय.

मी त्यांना आणखी एक विचारलं. सुजलेले पाय दाबल्यानं माणूस मरतो का?

"कुणाचे?" त्या म्हणाल्या.

"माझ्या नवऱ्याचे. हृदय थकलं होतं."

"नाही," त्या म्हणाल्या. "दाबल्यावर खड्डा पडला असेल, पाणी जरा बाजूला सरकलं असेल, थोड्या वेळानं परत आलं असेल. दुखलं असेल त्यांना. एवढंच."

आता तो दिवस. राहू दे म्हटलं होतं, पण राहू देता येत नाही.

तू आलीस, त्यांच्या पायाशी बसलीस आणि पाय चेपायला लागलीस. चेपून पाणी उतरेल असं तुला वाटलं. ते ओरडले. मी स्वयंपाकघरातून धावत आले, तुझ्या बोटांचे खड्डे त्यांच्या नडगीवर बघितले आणि तुला दंडाला धरून दारापर्यंत ओढलं. दारात कापडवाला उभा होता, जिन्यात वरची शेजारीण, आणि आत आपली मावससासू. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "हिनं माझ्या माणसाला मारायचं ठरवलंय." तिसऱ्या दिवशी ते गेले. मग मी ते वाक्य बदललं. "ठरवलंय" काढलं आणि "मारलं" म्हणत राहिले. महिनाभर, येईल त्याला.

का म्हणत राहिले, ते कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. मिठाशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरेना. म्हणायचे, "अगं, एवढंसं घाल. मरणाऱ्याला अळणी मारू नकोस." मी त्यांच्या भाजीच्या सूपमध्ये मीठ घालायला लागले. आधी चिमूट, मग चवीपुरतं. शेवटचे एकवीस दिवस. आता मला माहीत आहे की मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. थकलेलं हृदय पुढे ढकलेना, मागे शिरांत दाटी झाली, त्या केसाएवढ्या नळ्यांतला दाब वाढला, पाणी विणीतून बाहेर येऊन पायात उतरलं, आणि मी रोज चमच्यानं आणखी पाणी धरून ठेवायची सोय करत होते. तेव्हा एवढं कळत नव्हतं. पण डॉक्टरांनी नको म्हटलेलं मी करतेय, हे कळत होतं. म्हणून तुझ्या बोटांचे खड्डे मला बरे सापडले.

त्या मिठानं ते गेले का, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. कदाचित आठवडाभर आधी गेले असतील. कदाचित तेवढे दिवस चवीनं जेवले एवढंच. हे माझ्याबरोबर राहील. तुझ्यावर टाकलं होतं ते मात्र परत घेते.

चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जा. मला शिव्या दे आणि जा.

— थोरली


२ मे

धाकटे,

तुझं पत्र आलं. पाकीट जाड होतं, मी आधी पाणी प्यायले आणि मग उघडलं.

तू लिहितेस: "मिठाचं मला तेव्हाच कळलं होतं. तू चूल बघायला गेलीस तेव्हा मी त्यांना दोन चमचे भरवले आणि चमचा चाटला. दारात ओरडलीस तेव्हा बोलले असते तर मावशींच्या समोर तू तोंड कुठे लपवलं असतंस? म्हणून गप्प बसले. मला वाटलं, चार दिवसांनी तुला लाज वाटेल. तुझे चार दिवस फार लांबले, थोरले."

मी हे वाचून दुकानाचं दार लावून घेतलं. पंचवीस मिनिटं रडले, घड्याळ समोरच होतं. मग तोंड धुतलं आणि त्या दिवशी माझं बोलणं ऐकलेल्या तिघांकडे गेले.

कापडवाल्याला वाटलं मी उधारीवर कापड मागायला आलेय, त्यानं आधीच हात जोडले. मी सांगितलं ते ऐकून गजकाठी खाली ठेवली आणि म्हणाला, "हे सांगायला आलात?" मी म्हटलं, "हो. आणि दोन मीटर ते ताणणारं कापडही द्या, रोख." शेजारणीला जिन्यातच सांगितलं, तिथेच ऐकलं होतं तिनं. मावशी सर्वांत कठीण. त्या जप करत बसल्यासारख्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मीठ मी पण दिलं होतं एकदा. पोरगं मागत होतं." आणि डोळे उघडलेच नाहीत. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले.

आता कामाचं. तू पाठवलेला तक्ता बघून पट्टीबाई म्हणाल्या, "हा कुणी भरलाय?" बावीस वर्षं कापणाऱ्या बाईनं, मी म्हटलं. बारा मापं, दर चार सेंटिमीटरवर एक, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी, आणि समासात "इथे कातडी टणक", "इथे दाबल्यास खड्डा". सेंटिमीटर म्हणजे आपल्या टेपची मागची बाजू, जी आपण जन्मात वापरली नव्हती. तूही टेप उलटी केलीस, मीही केली.

तीन आठवडे रोज पट्ट्या बांधून कोपराखालचं माप एकतीसवरून सव्वीसवर आलं! भावजींनी फोनवर सांगितलं की पट्ट्या बांधलेला हात घेऊन तू दारात उभी राहतेस आणि कुणी विचारलं तर सांगतेस, "बॉक्सिंग शिकतेय." आणि तू लिहिलेली ती मालीश. मलाही पट्टीबाईंनी माझ्याच हातावर करून दाखवली, विश्वास बसेना. मालीश म्हणजे आपण रगडणं समजतो. ही तर मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखी, कातडी फक्त सरकवायची. शिवाय सुरुवात सुजेपासून नाही, मान आणि दुसऱ्या काखेपासून. आधी पुढचा रस्ता मोकळा करायचा, मग मागची गर्दी सोडायची. काखेतला रस्ता बंद झाला तरी कातडीखालून आडवाटा असतात, पाणी त्या शोधतं. मी हे भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला सांगितलं. त्यांना असल्या गोष्टी ऐकायला आवडायच्या. ऐकता ऐकता झोपायचे, पण आवडायच्या.

बाही पाठवतेय, तिसरी. दुसरी मीच फाडली, कोपराच्या आत सुरकुती पडत होती. हिचं मनगट सर्वांत घट्ट आहे आणि तिथून दंडापर्यंत दर चार सेंटिमीटरला ताण थोडा थोडा कमी केलाय. वर रबर नाही, नुसती दुमड. तळव्याचा तुकडा वेगळा जोडलाय, अंगठ्याला भोक, म्हणजे पाणी बोटांत पळणार नाही. आधी तुझ्याकडच्या बाईंकडून तपासून घे. त्यांच्याकडे एक चपटी रबरी पिशवी असते, ती बाहीखाली सरकवली की दाबाचा आकडा दिसतो. तो आकडा त्यांना पटला तरच घाल. रात्री काढून ठेवायची.

नाही पटला तर चौथी शिवेन. कापड भरपूर आहे.

— थोरली


३० जुलै

धाकटे,

फोनवर भावजींचा आवाज आनंदानं नुसता उडत होता. काही कळेना. शेवटी समजलं ते एवढंच, की तुझ्याकडच्या बाईंनी मनगट, कोपर आणि दंड अशा तीन ठिकाणी पिशवी सरकवली, आकडे खालून वर बरोबर उतरत गेले, आणि त्यांनी विचारलं, "ही कुठल्या कंपनीची?" आणि तू म्हणालीस, "आमच्या घरची."

आमच्या घरची! हे मी पट्टीबाईंना सांगितलं, चष्मेवाल्यांना सांगितलं, कापडवाल्याला सांगितलं, आणि पोस्टमनला, ज्याला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तो "बरं झालं" म्हणाला.

तुझी जूनची मापं मिळाली. कोपराखाली पंचवीस. डावा चोवीस. बाईंनी सांगितलंय ते मलाही माहीत आहे, की गाठी परत उगवत नाहीत आणि बाही आता जन्माची सोबतीण. असू दे. चष्माही जन्माचा असतो, त्याला कुणी रडत नाही. एक सेंटिमीटर, धाकटे. आपण गिऱ्हाइकाच्या कमरेला शिवणीत याहून जास्त कापडाची माया ठेवायचो.

तर आता पट्टीबाईंचं. एक दिवस त्या स्वतः दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंसारख्या माझ्याकडे नऊजणी आहेत. तयार बाही एकीलाही नीट बसत नाही." पहिली एक शाळेतली बाई. फळ्यावर लिहायचा हात उजवा, आणि तोच सुजलेला. मुलं फिदीफिदी हसतात म्हणून तिनं रजा टाकलीय. नोकरी जाईल की राहील अशी वेळ. तिची बारा मापं पट्टीबाईंनी दिली. मी कागद आखला, कापायला बसले आणि कापड वाया घालवलं. पुन्हा कापलं, पुन्हा वाया. तुझी बाही मला जमली, कारण तुझा हात मला पाठ आहे. बावीस वर्षं तो समोर हलताना बघितलाय. परक्या हाताचा बारा ठिकाणचा उतार कापड न सरकवता कापणं मला येत नाही. कधी येतच नव्हतं. मी शिवते.

म्हणून तुला फक्त मापं आणि कापड पाठवलं. सोबत चिठ्ठी घातली नाही. काय लिहायचं? "कापशील का" म्हटलं असतं तर तू "हात दुखतो" म्हणाली असतीस, आणि ते खरंही असतं.

सोमवारी पार्सल आलं. उघडलं तर वर तुझी चिठ्ठी, उजव्या हातानं लिहिलेली, सरळ ओळीत: "पंधरा मिनिटं कापायचं, पंधरा मिनिटं हात उशीवर. असे दोन दिवस लागले. बाहीचा हात बाहीतच होता. कोपराशी तू नेहमी कापड ओढतेस, ओढू नकोस, मी जागा ठेवलीय." खाली दोन तुकडे, एक हाताचा, एक तळव्याचा. मी कडा बोटानं बघितल्या. कुठे दात नाही, कुठे थांबल्याची खूण नाही. कात्री कुठे टेकली आणि कुठून उचलली ते मला सापडलं नाही. मी ते टेबलावर पसरले आणि शेजारणीला जिन्यातून हाक मारून खाली बोलावलं, नुसतं दाखवायला. ती म्हणाली, "यात काय आहे? दोन तुकडे तर आहेत." मी म्हटलं, "बघ तरी."

ते असते तर म्हणाले असते, पुरे आता, कापडाला दृष्ट लागेल. त्यांची आठवण आली आणि मी ती येऊ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, मशीनवर बसले आणि ती बाही शिवली. कोपराशी कापड ओढलं नाही.

— थोरली